सूर्यभान कुऱ्हे यांची गाण्याची खोली

दिनांक १४ मार्च १९७१, वार रविवार. त्या संध्याकाळी श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात गहिनीनाथ शेलार यांच्या माडीवर सूर्यभान कुऱ्हे यांनी एक रुपया पंचवीस पैसे चारचौघांसमोर मोजून दिले. एक रुपयाची नोट आणि चार आण्यांचं नाणं. रक्कम पैजेची होती आणि पैज ते हरले होते.

गावातल्या बैठकींचा रिवाज असा, की बैठकीत लागलेली पैज बैठकीतच फिटते. हरणाऱ्याने त्याच माणसांसमोर जिंकणाऱ्याच्या हातावर पैसे ठेवायचे. मागाहून गड्याच्या हाती पाठवलेले पैसे धरत नाहीत. सव्वा रुपयाच्या वर कुणी पैज लावतही नाही, कारण पैशाला त्यात किंमत नसते. सगळ्यांच्या नजरा आपल्या हातावर असताना तो हात पुढे करावा लागतो, किंमत त्याची असते.

सूर्यभानांची पेठेच्या टोकाला पिठाची गिरणी होती. सोळाव्या वर्षी ते बापाबरोबर गिरणीत उभे राहिले तेव्हा ती तेलाच्या इंजिनावर चालायची. पुढे वीज आली, बाप गेला, पट्टा आणि दगड तेवढे राहिले. दिवसभर त्या घरघरीत उभं राहायचं आणि संध्याकाळी अंगावरचं पीठ झटकून रेडिओपुढे बसायचं, असा त्यांचा नेम. गाणं शिकलेले नव्हते, पण गाण्याची ओढ मोठी. मुलगी कोल्हारला दिलेली. घरात ते आणि रतनबाई, दोघंच.

गहिनीनाथांचं खत-बियाण्यांचं दुकान होतं. त्यांनी मुंबईहून रेडिओग्राम आणला, तो गावात पहिलाच. दर रविवारी माडीवर रेकॉर्डी लागत, चहा होई, आणि पाच-सात शौकीन मंडळी जमत. निवृत्त हेडमास्तर सहादेव गुरुजी त्यात असत. सूर्यभानही असत, दाराजवळ, जिथं चपला काढतात त्याच्या अलीकडे.

आदल्या रविवारी सूर्यभानांकडून एक चूक झाली. रेकॉर्ड संपल्यावर ते म्हणाले, "नाना, डग्गा लई घुमतोय. मशिनीचा दोष न्हाई. पेटी कोपऱ्यात ठिवलीय, आन् भिंती उघड्या. टाळी वाजवून बघा." आणि त्यांनी स्वतःच टाळी वाजवली. उघड्या सिमेंटच्या भिंतींतून टर्र असा आवाज परत आला. गुरुजींनी मान डोलावली. गहिनीनाथांनी रेडिओग्रामचं झाकण लावलं.

चौदा तारखेला त्यांनी सगळ्यांचा चहा होऊ दिला. मग म्हणाले, "सूर्यभान, तुझा कान तयार हाय म्हणं. मुंबईवरनं हिऱ्याची नवी सुई आणलीय. एकदा जुन्या सुईनं लावतो, एकदा नव्या. वळखशील?"

"वळखीन की."

"सव्वा रुपया?"

"लागला."

गहिनीनाथांनी पाठ करून काहीतरी खुडबुड केली, रेकॉर्ड लावली. परत खुडबुड केली, परत तीच रेकॉर्ड लावली. सूर्यभान डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "दुसरी नवी. आवाज मोकळा झालाय."

गहिनीनाथांनी खिशातून पाकीट काढलं. त्याचं सील तसंच होतं. "ही बघ नवी सुई. आजून जन्मली न्हाई. दोन्ही येळा जुनीच हुती." मग मंडळींकडे वळून, "गिरणीवाल्याच्या कानात काय असनार? पीठ."

माडी हसली. गुरुजीसुद्धा हसले, उपरण्याआड. सूर्यभानांनी सव्वा रुपया दिला. गहिनीनाथांनी त्याचेच खारे शेंगदाणे मागवले आणि पहिली मूठ सूर्यभानांच्या हातावर ठेवली. "घे. तुझ्याच पैशाचे हायेत."

सूर्यभानांनी ते खाल्ले. पुढे आयुष्यात त्यांना हरल्याचं तितकं लागलं नाही जितकं ते शेंगदाणे खाल्ल्याचं लागलं.

दुसऱ्या दिवशी गोष्ट पेठभर झाली. दळण घेऊन येणाऱ्या बाया डबा ठेवताना मुद्दाम ओरडायच्या, "भाऊ, बाजरी हाय, बाजरी. आयकू आलं का पीठ झाडू कानातलं?" सूर्यभान डबा उचलून काट्यावर ठेवायचे. रात्री जेवताना त्यांनी रतनबाईंना एवढंच सांगितलं, "त्याला माझ्या घरात, त्याच मान्सांसमोर, माझ्या हातावर सव्वा रुपया ठिवाय लावीन."

"आन् मग?"

"मग काय न्हाई."

"एवढ्यासाठी?" रतनबाई म्हणाल्या. "आवं, सव्वा रुपया म्या देते."

ते हसले नाहीत.

गिरणीच्या मागे कोंड्याची खोली होती. दगडी भिंती, वर पत्रा, फरशी शहाबादी. सूर्यभानांनी ती मोकळी केली आणि श्रीरामपूरला जाऊन गोरक्षला गाठलं. गोरक्ष रेडिओ दुरुस्त करायचा. त्याआधी त्याने एका थेटरात मशीन चालवलं होतं, त्यामुळे पडद्यामागं आणि भिंतींना काय काय लावतात ते त्याला माहीत होतं. त्याने खोलीत मध्यभागी उभं राहून टाळी वाजवली, मग प्रत्येक कोपऱ्यात तोंड घालून 'हूं' असा जाड आवाज काढला. कोपऱ्याने तो हुंकार दुप्पट करून परत दिला.

"भाऊ, ही खोली न्हाई, आड हाय," गोरक्ष म्हणाला. "पातळ आवाज भिंतींत नाचतोय, जाड आवाज कोपऱ्यात तुंबतोय. दोन्हींवर विलाज येगळा."

पातळ आवाजावर इलाज गोधड्यांचा निघाला. गोजरबाई म्हणून एक म्हातारी गावात गोधड्या शिवायची. सूर्यभानांनी तिच्याकडून जाडजूड गोधड्या शिवून घेतल्या, बाजूच्या आणि मागच्या भिंतींना बांबू बांधून त्यावर टांगल्या. भिंतीला चिकटवल्या नाहीत. गोरक्षने वीतभर अंतर ठेवायला सांगितलं. चिकटवली तर गोधडी एकदाच आवाज खाते, अंतर ठेवलं तर जाताना खाते आणि भिंतीवरून परत येताना पुन्हा खाते. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्या ठोकल्या, तट्ट्यांवर उसाचं पाचट पसरलं. फरशीवर जाजम.

गोजरबाई गोधड्या टांगलेल्या बघायला आली. बराच वेळ बघून म्हणाली, "सूर्यभान, भिंतींना थंडी वाजती व्हय रं?"

"वाजती आजी."

"मंग त्यास्नी च्या बी पाज."

जाड आवाजासाठी सूर्यभानांनी आपल्या धंद्यातलंच सामान काढलं. गव्हाच्या कोंड्याची पोती भरून चारही कोपऱ्यांत तट्ट्यांपर्यंत रचली. दाबून भरली नाहीत, सैल भरली. दाबलेलं पोतं भिंतीसारखंच वागतं हे त्यांनी हुंकार काढून पाहिलं होतं. लाउडस्पीकरची दोन खोकी घेतली, ती कोपऱ्यात न ठेवता हातभर पुढे मांडली. ऐकणाऱ्याची खुर्ची मागच्या भिंतीपासून सोडवून खोलीच्या पोटात ठेवली. रेकॉर्डचं मशीन जुनं घेतलं, अॅम्प्लिफायर गोरक्षने बांधला. एक एक वस्तू येईल तशी, गिरणी सांभाळून. ह्यात वर्ष गेलं.

पहिल्यांदा रेकॉर्ड लागली तेव्हा डग्गा कसा बसला! बोट न् बोट वेगळं. घुमारा नावाला नाही. सूर्यभानांनी गोरक्षच्या पाठीवर थाप मारली. मग भजनाची रेकॉर्ड लावली आणि त्यांचा चेहरा पडला.

"टाळ कुठं गेले?"

"हायेत की भाऊ."

"लांब गेलेत. नदीपल्याड वाजत्यात."

त्यांना वाटलं, गोधड्या जास्त झाल्या. निम्म्या उतरवल्या. टाळ लांबच. सगळ्या उतरवल्या, भिंती परत टर्रटर्र करू लागल्या, तरी टाळ लांबच. परत सगळ्या टांगल्या. खोकी फिरवली, खुर्ची हलवली, सुई बदलली. गिरणीत दळण चालू असतानाही त्यांचं डोकं टाळांत असायचं. गहिनीनाथ त्या खोलीत बसलेत आणि टाळ नदीपल्याड वाजताहेत, हे चित्र त्यांना झोपू देत नसे.

शेवटी गोरक्षने पाच बटणांची पेटी बांधली. स्टुडिओतले लोक तिला इक्वलायझर म्हणतात. पहिलं बटण डग्ग्याच्या आवाजाचं, मधली गळ्याची आणि बाजाच्या पेटीची, शेवटचं पाचवं टाळ-घुंगरांचं. खोली जो आवाज फुगवते त्याचं बटण मागे घ्यायचं, जो खाते त्याचं पुढे करायचं. "पन भाऊ," गोरक्ष म्हणाला, "बटनानं खोली सुदरत न्हाई. खोली आपन सुदरली. बटन म्हंजे वरनं मीठ. चिमटीनं टाकायचं."

सूर्यभानांनी पाचवं बटण पुढे केलं. आणखी केलं. शेवटपर्यंत नेलं. टाळ नदी ओलांडून खोलीत आले. सूर्यभान खुर्चीत मागे रेलले. "जमलं," ते म्हणाले. "आता बोलव त्याला."

गोरक्ष कान चोळत होता. "भाऊ, जरा टोचतंय."

"टोचतंय म्हंजे?"

"म्हंजे... दाभन घातल्यावानी. दाताला कळ लागती."

सूर्यभान त्याच्याकडे बघत राहिले. मग थंडपणे म्हणाले, "गहिनीनाथनं किती दिले तुला?"

गोरक्षने हत्यारं पिशवीत भरली आणि तो निघून गेला. सूर्यभानांनी त्याला थांबवलं नाही. वळून पाहिलं तर रतनबाई दारात उभ्या होत्या, पदराचा बोळा एका कानावर धरून.

"तुला बी टोचतंय?"

रतनबाईंनी पुढे होऊन मशीन बंद केलं. दिवेलागण झाली होती. त्या म्हणाल्या, "चला माझ्यासंगं." सूर्यभानांना न्हाणीकडे घेऊन गेल्या, कंदील मोरीच्या कडेला ठेवला. "आयका."

"काय आयकू?"

"काय आयकू येतंय?"

"काय न्हाई. वरच्या आळीला कुत्रं भुकतंय."

"जवळचं काय?"

"काय न्हाई म्हनलं ना."

रतनबाईंनी मोरीतला एक दगड सरकवला. दगडाखाली रातकिडा होता. हालला नाही, पळाला नाही. त्याचे पंख एकमेकांवर इतके भराभर घासत होते की धूसर दिसत होते. सूर्यभान गुडघ्यावर बसले. कान त्याच्या हातभर अंतरावर नेला. पंख थरथरत होते. आवाज नव्हता.

"वरडतोय?"

"कानठळ्या बसत्यात," रतनबाई म्हणाल्या. "चार-पाच वर्सं झाली. दिवाळीत म्या पैंजन घालून मागं हुबी ऱ्हायले, तुमाला कळलं न्हाई. तवाच समजले. गिरनीनं खाल्ला तेवढा आवाज. टाळ खोलीतनं न्हाई गेले, तुमच्यातनं गेले."

"बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? पोटाचा धंदा हाय. बंद करनार हुता का?"

सूर्यभानांनी दगड परत जागेवर सरकवला.

पुढचे काही दिवस ते गिरणीत उभे राहत आणि खोलीकडे फिरकत नसत. रतनबाईंना वाटलं, आता हे वेड गेलं. वेड गेलं नव्हतं, खोल गेलं होतं. गहिनीनाथांनी त्या रविवारी जे म्हटलं ते माहीत असून म्हटलं नव्हतं. हसवण्यासाठी म्हटलं होतं. आणि ते खरं निघालं होतं. खोटं असतं तर सूर्यभानांनी कदाचित कधीतरी माफ केलं असतं. गंमत म्हणून फेकलेला दगड नेमका बसावा आणि फेकणाऱ्याला त्याची खबरही नसावी, हे त्यांना सहन होईना. आपला कान चांगला आहे हे दाखवायचं आता उरलं नव्हतं. गहिनीनाथांचा कान खोटा आहे हे दाखवायचं राहिलं होतं.

एका संध्याकाळी त्यांनी रतनबाईंना खुर्चीत बसवलं. "बटनं तू फिरव. तुझ्या कानाला लागतील तशी."

रतनबाई उठून उभ्या राहिल्या. "आदी एक बोलायचंय. शेजारची छबूबाई तीनदा येऊन गेली कोंड्यासाठी. म्हस उठत न्हाई तिची. तुमी प्रत्येक येळी न्हाई म्हनाला."

ते बहात्तर साल होतं. पाऊस झाला नव्हता, कालव्याचं पाणी तुटलं होतं, कडब्याची पेंढी सोन्याच्या भावाची झाली होती. आणि कुऱ्ह्यांच्या खोलीत कोंड्याची पोती आवाज खात उभी होती.

"गहिनीनाथ येऊन जाऊ दे, मग वाटून टाकू."

"तोवर म्हस ऱ्हाईल? कोंडा आज जाईल, तर बटनाला हात लावीन. न्हाईतर तुमचे टाळ तुमी शोदा."

कोंडा त्याच संध्याकाळी गेला. सूर्यभानांनी लाकडाच्या वखारीतून भुसा आणून पोती भरली. डग्ग्याला फरक पडला नाही. पडला असता तर त्यांना कळला असता. जाड आवाज अजून त्यांचा होता.

मग रतनबाई बसल्या. त्यांना सूर कुठला, ताल कुठला हे नावाने येत नव्हतं. पण पहिलं बटण त्यांनी केसभर मागे घेतलं आणि म्हणाल्या, "आता पोटात धडधडत न्हाई." दुसरं-तिसरं तसंच ठेवलं, चौथं थोडं पुढे. पाचवं त्यांनी शेवटापासून मागे, मागे आणत मध्याच्या जरा पुढे थांबवलं आणि हात काढून घेतला. रेकॉर्ड चालू राहिली. त्यांचे डोळे मिटले.

"काय झालं?"

"गप ऱ्हावा. गानारी बाई श्वास घेती तो बी आयकू येतोय."

सूर्यभानांना श्वास ऐकू येत नव्हता. ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. रतनबाईंनी नंतर प्रत्येक बटणाच्या जागी कुंकवाचा ठिपका दिला, म्हणजे हललं तर कळेल.

"कशाला बोलवता त्यास्नी?" त्या म्हणाल्या. "आपुन दोघं आयकू की."

"मला गानं न्हाई आयकायचं. मला त्याचं तोंड बघायचंय."

युक्ती मात्र सोपी नव्हती. गहिनीनाथांनी केलं तेच आपण करावं, बटणाला हात लावल्याचं सोंग करून दोन्ही वेळा तेच वाजवावं, हे पहिल्यांदा डोक्यात आलं. पण तो माणूस स्वतः ती विद्या शिकवून बसलेला. तो का फसेल? सूर्यभान गिरणीत उभे राहून ह्यावर विचार करत होते आणि उत्तर त्यांना काट्यावर सापडलं. जे गिऱ्हाईक स्वतः घरी मापात मारतं, ते दळण नेताना दुसऱ्याच्या काट्याकडे टक लावून बघतं. पीठ जाडं आलंय का बारीक, ह्याकडे त्याचं लक्षच नसतं.

ते श्रीरामपूरला गेले, गोरक्षची माफी मागितली आणि त्याला घेऊन आले.

१९७३ ची संक्रांत रविवारी आली. सूर्यभान स्वतः गहिनीनाथांच्या दुकानात गेले. "नाना, गाण्याची खोली केलीय. तिळगूळ घ्यायला या." संक्रांतीचं बोलावणं, आणि दुकानात गिऱ्हाईकं उभी. नाही म्हणता येईना.

त्या संध्याकाळी माडीवरचीच मंडळी खोलीत आली. सहादेव गुरुजी आले. गोजरबाई आपल्या गोधड्या कशा राहिल्यात ते बघायला आली आणि दारात रतनबाईंजवळ टेकली. गहिनीनाथांनी खोलीभर नजर फिरवली, पोत्याला बोट लावलं. "सूर्यभान, गाण्याची खोली का बाळंतिणीची? एवढ्या गोधड्या?"

मंडळी हसली. सूर्यभानही हसले. त्यांनी गहिनीनाथांना मधल्या खुर्चीत बसवलं, हातावर तिळगूळ ठेवला. गहिनीनाथांनी तो खाल्ला.

"नाना, त्या दिवशी तुमी माझी परीक्षा घेतली," सूर्यभान म्हणाले. "आज माझी पाळी. ह्या पडद्यामागं बटनाची पेटी हाय. गोरक्ष भजन लावंल, दोनदा. दोन्हींत फरक हाय का दोन्ही सारखी, एवढंच सांगायचं. सव्वा रुपया."

गहिनीनाथ खुर्चीत पुढे सरकले. "लागला," ते म्हणाले आणि त्यांना मनातून गुदगुल्या झालेल्या सगळ्यांना दिसल्या.

पहिली खेप वाजली. पाचवं बटण कुंकवाच्या ठिपक्यावर होतं. मंडळी नकळत सरळ बसली. गुरुजींचा हात मांडीवर टाळांबरोबर चालू लागला. गहिनीनाथ मात्र सूर्यभानांकडे बघत होते. सूर्यभानांच्या हातांकडे, डोळ्यांकडे, पडद्याखाली दिसणाऱ्या गोरक्षच्या पायांकडे. एकदासुद्धा खोक्यांकडे त्यांनी कान दिला नाही.

पडद्यामागे खुडबुड झाली. गोरक्षने पाचवं बटण पार मागे, शेवटपर्यंत नेलं. दुसरी खेप वाजली. सूर्यभानांना ती पहिलीसारखीच वाटली. त्यांनी दाराकडे पाहिलं. रतनबाईंनी डोळ्यांनीच होकार दिला. गुरुजींचा हात मांडीवर थांबला होता आणि ते गोंधळून इकडेतिकडे बघत होते.

रेकॉर्ड थांबली. गहिनीनाथांनी घाई केली नाही. मिशीवरून हात फिरवला. "सूर्यभान, म्याच तुला हा धडा दिला आन् मलाच शिकवतोस? आत नुसती खुडबुड केली. दोन्ही एकच हायेत. टाक सव्वा रुपया."

मंडळी एकमेकांकडे बघू लागली.

"नाना," गुरुजी शेवटी म्हणाले, "अहो, दुसऱ्या खेपेला टाळच नव्हते."

"काय?"

"पहिल्यांदा समोर वाजत होते. दुसऱ्यांदा कुणी पोत्यात घातल्यासारखे. तुम्हाला खरंच नाही आलं ऐकू?"

दारातून गोजरबाई म्हणाली, "माजा एक कान गेलाय बाबा. ऱ्हायलेल्याला बी कळलं."

गहिनीनाथ उठले. "आत्ता फिरवलं आसंल बटन. हा डाव हाय."

सूर्यभानांनी पडदा काढला. "गुरुजी, तुमीच या. तुमच्या हातानं फिरवा." रेकॉर्ड लागली. गुरुजींनी सगळ्यांदेखत पाचवं बटण मागे नेलं, पुढे आणलं, मागे नेलं. टाळ गेले, आले, गेले. आता गहिनीनाथ ऐकत होते, आणि ऐकू येतंय हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"येतंय आयकू नाना?"

"येतंय," गहिनीनाथ म्हणाले. दुसरं काही म्हणणं शक्य नव्हतं.

सूर्यभान त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. हे वाक्य त्यांनी रातकिड्याच्या त्या संध्याकाळपासून जपून ठेवलं होतं, आणि ते बोलणार आहेत हे रतनबाईंनासुद्धा माहीत नव्हतं.

"मला न्हाई येत," ते म्हणाले. "गुरुजींनी बटन फिरवलं, मला काडीचा फरक कळला न्हाई. माझ्या कानात पीठ हाय, ते तुमी खरं बोलला. मला न्हाई तो कान तुमाला हाय नाना. चांगला हाय. आन् तुमी त्यानं माझ्या हाताकडं बघत बसला."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. रतनबाईंनी पदर तोंडावर घेतला. माडीवर हशा झाला होता तसा इथं झाला नाही. झाला असता तर गहिनीनाथांना सोपं गेलं असतं.

सूर्यभानांनी हात पसरला. "सव्वा रुपया."

गहिनीनाथांनी एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला. "सुट्टे न्हाईत. उद्या देतो," म्हणाले, आणि चपला नीट पायात न घालताच बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा गडी गिरणीवर सव्वा रुपया घेऊन आला. सूर्यभानांनी दळण थांबवलं, म्हणजे बायांना नीट ऐकू जावं. "शेठला सांग, बैठकीतली पैज बैठकीतच फिटती. रविवारी खोलीवर या, गुरुजींना बोलवतो, सगळ्यांना बोलवतो. त्यास्नी म्हनावं, शेंगदाने म्या आनतो."

गडी आणखी दोनदा आला, दोनदा परत गेला. गहिनीनाथ आले नाहीत. त्यांच्या माडीवरचे रविवार हळूहळू बंद पडले. मंडळी कुऱ्ह्यांच्या खोलीत जमू लागली. गहिनीनाथ दुकानाला जाताना गिरणीवरचा रस्ता सोडून मारुतीच्या बोळातून जाऊ लागले. तो लांब पडतो. सूर्यभानांना ह्याची रोज बातमी लागे आणि रोज तितकंच बरं वाटे.

एकदा गुरुजींनी समजूत काढून पाहिली. "सूर्यभान, घेऊन टाक की. त्यालाही सुटल्यासारखं होईल."

"म्हनूनच न्हाई घेत," सूर्यभान म्हणाले.

रतनबाई संध्याकाळी भाकरी झाल्या की खोलीत जाऊन बसत. छबूबाई येई, म्हैस जगली म्हणून एक तांब्या दूध घेऊन. दोघी भजन ऐकत. सूर्यभान कडेला जाजमावर बसत, डग्गा ऐकत आणि बायकोच्या चेहऱ्यावरून टाळ ओळखत. ती मुलीकडे कोल्हारला गेली की मात्र ते दार लावून घेत, पाचवं बटण शेवटपर्यंत पुढे करत आणि एकटे बसत. ती यायच्या दिवशी बटण ठिपक्यावर आणून ठेवत. तिला ते कळायचं, कारण कुंकू पुसट झालेलं असायचं. ती नवा ठिपका द्यायची.

गहिनीनाथ शेलार यांच्याकडून सूर्यभान कुऱ्हे यांना पैजेचा एक रुपया पंचवीस पैसे येणे आहे.